दोन आठवडे म्हणाले, सात होते

माझ्या उपचाराच्या कार्डावर ‘खोकला किती दिवसांपासून’ या रकान्यात ‘दोन आठवडे’ असं लिहिलेलं आहे. ते मीच सांगितलं होतं आणि ते खोटं होतं. मला सात आठवडे खोकला होता.

क्षयरोगातून माणूस बरा होतो. मी झाले. तुमच्यापैकी कुणी आज दवाखान्याच्या बाकावर बसून हे वाचत असेल, तर आधी एवढं ऐकून निर्धास्त व्हा. गोळ्या कडू आहेत, मोठ्या आहेत, पण त्या काम करतात. मला लिहायचंय ते गोळ्यांबद्दल नाही. पाच आठवडे लपवल्यामुळे बावीस बायकांच्या छातीची धास्ती घेऊन मी जे महिने काढले, त्याबद्दल कुठल्या पत्रकात काही लिहिलेलं नसतं. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण क्षयरोगावरचं एक पत्रक मी स्वतःच लिहिलेलं आहे.

पत्रकांच्या घड्या

माझे वडील नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. कापसाच्या भावावर, विजेच्या वेळापत्रकावर, शाळेशेजारच्या दारूच्या दुकानावर. अमरावतीत त्यांच्या मित्राच्या छापखान्यात ती छापली जात आणि घरी मी आणि माझी मोठी बहीण शालूताई जेवणाआधी त्यांच्या घड्या घालत असू. आई नव्हती, घरात बाईमाणूस म्हणजे आम्ही दोघीच. बाबांचा एक नियम होता. छापायला देण्याआधी मजकुरातला प्रत्येक आकडा ते दोनदा विचारायचे. एकदा विचारल्यावर उत्तर मिळालं, तरी थोडं थांबून परत विचारायचे. “कागदावर चुकलं का मंग गावोगाव जाऊन पुसता येत नाई, पोट्टे,” असं म्हणायचे.

कॉलेजसाठी मी अमरावतीला गेले आणि तिथून मेळघाटात कामाला जाऊ लागले. सेमाडोहच्या आसपासच्या गावांसाठी मी ते क्षयरोगाचं पत्रक केलं. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठ्या टायपात एकच ओळ होती : ‘दोन आठवड्यांहून जास्त खोकला? आजच थुंकी तपासा.’ ती ओळ मी किती अंगणांत, किती बाजारांत ओरडून वाचली असेल, त्याचा हिशेब नाही.

वऱ्हाडातली ती वर्षं वाईट होती. सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावर आत्महत्यांचा आकडा असे, आणि दुपारी आमच्यासारखी पाच-सहा पोरंपोरी त्यातल्या एखाद्या घराच्या ओसरीवर मान खाली घालून बसलेली असत. आम्ही सतत धावत होतो. उभ्यानं जेवायचो, एसटीत झोपायचो. हळू चालणारा माणूस दिसला की मला राग यायचा. अशात एका संस्थेनं मला दीड वर्षासाठी टांझानियाला पाठवायचं ठरवलं. तिथल्या मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला कापूस पिकतो, जमीनही काळी आहे. कापूस पिकवणाऱ्या बायकांच्या एका गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून राहायचं होतं. अमरावतीतला माझा एक सोबती म्हणाला, “इथी लोक मरून रायले, अन् तू चालली वाघ-सिंह पाहाले?”

मी त्याला फाडकन उत्तर दिलं. पण ते वाक्य मी सामानासोबत घेऊन गेले. तिथला एकही दिवस वाया घालवायचा नाही, अशी मी शपथ घेतली होती.

आधी विचार

तिथे पहिल्या आठवड्यातच माझी शपथ मोडीत निघाली. बस भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती कधी भरेल हे ड्रायव्हरही विचारत नाही. दहाची सभा बाराला सुरू होते. आणि कुणाला भेटलं की नुसतं हात हलवून पुढे जाता येत नाही. थांबायचं. घर कसं आहे, झोप कशी लागली, पोरं कशी आहेत, जनावरं कशी आहेत, काल पाय दुखत होता तो कसा आहे, असं सगळं विचारायचं, आणि मग समोरच्यानं तेच सगळं आपल्याला विचारायचं. दोन घरांमधलं अंतर चार मिनिटांचं असलं तरी जायला पाऊण तास लागायचा.

मी मामा नीमाकडे राहत होते. तिथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ‘अमक्याची आई’ म्हणतात. मामा नीमा म्हणजे नीमाची आई. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई. तिची म्हातारी आई घरात होती. मामा नीमा गटाची प्रमुख होती, आणि गटातली सगळ्यांत तिखट जीभ होती मामा बाराकाची.

एके सकाळी मी मामा बाराकाच्या अंगणात शिरले आणि वही उघडून म्हणाले, “आज तीन मुद्दे आहेत.” (बोलणं स्वाहिलीत होतं, तेही माझ्या मोडक्या. इथे मी ते आपल्या भाषेत लिहितेय.)

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “आधी विचार, मी जिवंत आहे का.”

“दिसते आहेस की.”

“दिसणं वेगळं. विचारायचं असतं.”

“बरं, जिवंत आहेस का?”

“असं पोलिसासारखं विचारलंस तर मी मेले.” अंगणातल्या सगळ्या बायका हसल्या. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

कापूसखरेदीचा हंगाम आला, तेव्हा मला माझं काम सापडलं. खरेदीच्या ठिकाणी काटा कमी दाखवतो, अशी बायकांची तक्रार होती. हे मला कळत होतं, हे मी वऱ्हाडात पाहिलं होतं. मी म्हणाले, सभा घेऊ, मागणी ठरवू, हंगाम संपायच्या आत काटा तपासून घेऊ. बायका म्हणाल्या, चालेल, आंब्याखाली बसू. त्यांच्या सगळ्या सभा आंब्याखालीच होत.

मी नाही म्हटलं. आंब्याखालचं बोलणं काटेवाल्यांच्या माणसांना ऐकू जाणार. आमच्याकडे मोर्च्याचं ठरवायचं तर दार लावून बसायची पद्धत होती. आत कोण होतं हे बाहेर कळू द्यायचं नाही, ही मला लहानपणापासूनची शिकवण. म्हणून मी गटाचं जुनं गोदाम निवडलं. पत्र्याचं छप्पर, एक दार, एक हातभर खिडकी. खिडकीवर मी पोतं टांगलं. दाराला आतून मामा बाराकाला पाठ लावून बसवलं. आणि सगळ्यांकडून वचन घेतलं की या सभांबद्दल बाहेर कुणाजवळ, नवऱ्याजवळसुद्धा, अक्षर काढायचं नाही.

“या खोलीतली हवा तू तुझ्या देशातून मागवणार आहेस का?” मामा बाराकानं पदरासारखं कापड हलवत विचारलं.

“थोडा त्रास सोसा,” मी म्हणाले.

आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, बावीस बायका आणि मी. मी त्यांच्या मधोमध उभी राहून, खालच्या पण ठाशीव आवाजात बोलायचे. आणि खोकायचे.

धूळ

पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, कापसाची धूळ आहे. दुसऱ्या आठवड्यातही धूळच. तिसऱ्या आठवड्यात मला कळलं होतं. हे मान्य करायला मला फार दिवस लागले, म्हणून स्पष्ट लिहिते : कळलं होतं. संध्याकाळी अंग तापायचं, पहाटे उशी ओली असायची, सलवारीची नाडी रोज थोडी जास्त आवळावी लागायची. ही सगळी लक्षणं मी माझ्या हातानं चौकटीत घालून छापली होती.

पण दवाखाना म्हणजे बसनं अख्खा दिवस. हंगामाचे थोडेच आठवडे उरले होते. ज्या बाईनं सगळ्या गावाला ‘लवकर, लवकर’ करून भंडावून सोडलं, तीच आता आडवी होणार? आणि अमरावतीत काय म्हणतील? गेली होती लोकांना उठवायला, अन् पडली आजारी. मी खिशात आलं ठेवायला लागले. सभेत खोकला आला की आल्याचा तुकडा चावायचा.

मामा नीमानं एकदा सकाळी चूल पेटवताना म्हटलं, “हा खोकला धुळीचा नाही.”

“धुळीचाच आहे.”

त्या दिवसापासून माझ्या चहात तिनं दूध वाढवलं.

सातव्या आठवड्यात रुमालावर रक्त आलं. मी रुमाल मुठीत दाबला, पण मामा नीमा समोर होती. तिनं सामान बांधलं आणि मला पहिल्या बसमध्ये बसवलं. बस भरेपर्यंत अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मी पहिल्यांदा कुणाला ‘लवकर चला’ म्हणाले नाही. ती बस सुटूच नये, असं मला वाटत होतं.

बाकावर

जिल्ह्याच्या दवाखान्यात पहिल्या दिवशी थुंकी दिली आणि दुसऱ्या दिवशी निकाल आला. डॉक्टर वयस्क होते. त्यांनी आधी माझं घर, माझा प्रवास, माझी झोप सगळं विचारलं, तिथल्या पद्धतीप्रमाणे, आणि मग म्हणाले, “क्षयरोग आहे. बरा होईल.”

मला रडू आलं नाही. लाज वाटली. कानामागून मानेपर्यंत गरम झालं.

“खोकला किती दिवस होता?”

“दोन आठवडे.”

मी ते ठरवून म्हणाले नाही. तोंडातून तोच आकडा निघाला, कारण माझ्या पत्रकात तोच होता. तीन म्हटलं असतं तरी पुढचा प्रश्न आला असता : मग आधी का नाही आलीस?

“घरात कोण कोण?”

मी मामा नीमा आणि तिच्या आईचं नाव सांगितलं.

“बंद जागेत आणखी कुणासोबत बसत होतीस? कामाच्या ठिकाणी?”

“आम्ही आंब्याखाली बसतो,” मी म्हणाले.

त्यांनी लिहून घेतलं. मामा नीमा बाहेरच्या बाकावर होती, तिला हे ऐकू गेलं नाही. तिची आणि म्हातारीची तपासणी झाली. दोघी निरोगी निघाल्या. मी सुटकेचा श्वास टाकला आणि मला परत खोकला आला.

सावली सरकते

दोन आठवडे दवाखान्यात आणि मग मामा नीमाच्या अंगणात. संस्थेनं सांगितलं, दोन महिने तिथेच उपचार घे, थुंकी स्वच्छ झाली की घरी पाठवू. रोज सकाळी मामा नीमा माझ्यासमोर बसून मला गोळ्या गिळताना पाहायची. तिला दवाखान्यानं ते काम दिलं होतं. मग मला झाडाखाली चटई. काम नाही, वही नाही. दुपारी सावली सरकली की चटई सरकवायची, एवढंच.

पहिले दिवस मी वेडी व्हायची बाकी होते. गटातल्या बायका यायच्या, माझ्यापासून जरा अंतरावर बसायच्या आणि शेंगा सोलायच्या. बोलायच्या नाहीत. मी विचारायचे, “काही काम होतं का?” त्या म्हणायच्या, “नाही, तुझ्याजवळ बसायला आलो.” तासभर बसून जायच्या. आजारी माणसाला एकटं टाकायचं नाही, एवढंच त्यांचं काम. हळूहळू माझा श्वास त्यांच्या शेंगा सोलण्याच्या लयीत पडायला लागला. एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून मी घड्याळ पाहिलं नव्हतं.

काट्याचं काय झालं, तेही सांगते. तीन बायका एका सकाळी खरेदीच्या जागी गेल्या आणि काट्याजवळ उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं घर, पोरं, जनावरं विचारत उभ्या राहिल्या. काटेवाल्यालाही विचारलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी त्यानं कंटाळून तपासणीची वजनं आणवली. ना गोदाम, ना गुप्तता. मामा बाराका मला हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला.

तो ठसका मी मनात मोजून ठेवला.

कारण तोवर मी तिथल्यासारखं भेटायला शिकले होते. कुणी अंगणात आली की मी सावकाश विचारायचे : झोप लागली का? अंग कसं आहे? जेवण जातं का? छाती कशी आहे? आणि उत्तर नीट ऐकायचे. बायका मामा नीमाला म्हणायच्या, पोरगी सुधारली, माणसात आली. त्यांना माहीत नव्हतं की मी तपासणी करत होते. बावीस नावं मला पाठ होती. कोण किती वेळा खोकली, कुणाचा चेहरा उतरला, कोण दोन दिवसांत दिसली नाही, हे मी मनात धरत होते. आणि मी घेतलेल्या वचनाला जागून गोदामाबद्दल एकही बाई एक शब्द बोलत नव्हती.

सांगायला माझ्याकडे दोन महिने होते. रोज सकाळी वाटायचं, आज. थुंकी स्वच्छ आली, तिकीट आलं, आणि मी निघाले. बसपर्यंत सोडायला बावीसही जणी आल्या होत्या.

शालूताईचं घर

उरलेला उपचार अकोल्याला, शालूताईकडे. तिथे नव्यानं सगळं सुरू झालं. शालूताईच्या सासूबाईंनी माझं ताट, वाटी, पेला वेगळे काढले. शालूताई मला मोरीजवळ गाठून म्हणाली, “मनावर नको घेऊ व. त्याईचं डोस्कं जुनं हाय. तू तं जगाले समजावून सांगतं.”

भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, हेही माझ्या पत्रकात होतं. पण सासूबाईंना ते सांगायला मला तोंडच नव्हतं.

सोमवारी आरोग्य केंद्रावर जायचं. तिथे नसीम आपा होत्या. मूळच्या बाळापूरच्या, जाड भिंगाचा चष्मा, खणखणीत आवाज. आठवड्यातला पहिला डोस त्यांच्यासमोर गिळायचा, बाकीचे घरी, आणि रिकामी पाकिटं पुढच्या सोमवारी परत आणून दाखवायची.

“मुंह खोल बेटा. जीभ वर कर. हां, गेली.” मग कार्ड हातात घेऊन म्हणाल्या, “दोन हफ्त्याचा खोकला, अन् एक्स-रे असा? मी वीस साल झाले छात्या पाहून रायली.”

“तिकडे धूळ फार होती, आपा.”

“धूळ,” त्या म्हणाल्या आणि कार्ड परत दिलं. “बाळापूरची हाव मी. मले काय धूळ दाखवतं?”

चौकातल्या फोनबूथवरून मी पंधरा दिवसांनी मामा नीमाला फोन करायचे. घर, पोरं, म्हातारी, शेळ्या असं सगळं विचारून झालं की गटातल्या बायकांचं एकेकीचं विचारायचे. एकदा ती सहज म्हणाली, “मामा बाराकाला सर्दी झालीय. जात नाही.”

“किती दिवस?”

“असेल बरेच दिवस. वाऱ्यानं.”

मी ‘दवाखान्यात ने तिला’ असं म्हणाले. का, ते म्हणाले नाही. घरी येऊन सगळ्या गोळ्या उलटून पडल्या. शालूताईनं पाठ चोळली. त्यानंतर मला घास गिळता येईना. जिना चढताना छाती धडधडायची, तेव्हा वाटायचं की आजार उलटला. नसीम आपांनी वजन केलं, दोन किलो कमी. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आकडा कार्डावर लिहिला.

दुसऱ्यांदा विचारलं

त्याच आठवड्यात बाबा आले. अमरावतीला उतरून, तिथून दुसरी एसटी धरून, हातात कापडी पिशवी. सासूबाईंना नमस्कार केला, पाणी पिऊन झालं आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. नव्या पत्रकाचं प्रूफ. मेळघाटातल्या माझ्या जुन्या पत्रकाची ओळ वर तशीच होती. तिच्याखाली माझं नाव होतं.

“पाह्य कसं झालं,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. त्यांनी वाचून दाखवलं : ‘आमच्या घरची मुलगी परदेशात सेवेला गेली. खोकला आला. तिने दोन आठवड्यांत तपासून घेतले, म्हणून ती आज आपल्यात आहे. स्वतःला आणि सोबतच्या सगळ्यांना तिने वाचवले.’

“लोक आपल्या लोकाईचं ऐकतात,” ते म्हणाले. “तुया नावानं पसरवलं का फरक पडते. उद्या छापाले देतो. आकडा बरोबर हाय ना? दोन आठवडे?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. आकड्याखाली रेघ ओढली. थोडं थांबले. मग लहानपणापासून ऐकत आले त्याच सुरात, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “दोनदा इचारतो मी, तुले तं माईतच हाय. दोन ना?”

‘सोबतच्या सगळ्यांना तिने वाचवले’ ही ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती. हा कागद मेळघाटातल्या झोपड्यांत जाणार होता.

“सात,” मी म्हणाले.

“काय सात?”

“सात आठवडे, बाबा. दोन नव्हते.”

मग सगळं सांगितलं. गोदाम, पोतं, दार, वचन, आंबा. मी सांगत असताना शालूताई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात पीठ होतं.

“सात?” ती म्हणाली. “अन् तशीच आली माह्या घरी?”

“आले तेव्हा थुंकी स्वच्छ होती, ताई. ते खोटं नाही.”

“काय खरं अन् काय खोटं, मी कशी ओळखू व?” ती आत निघून गेली. भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला.

बाबांनी प्रूफची घडी घातली. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मला वाटलं, आता ते म्हणतील, माझी पोरगी असून खोटं बोलली. त्यांनी विचारलं, “तथच्या बायका?”

“एकीला सर्दी आहे म्हणतात. जात नाही.”

“त्याईले कधी सांगतं?”

“मी पत्र लिहायला घेतलंय. नीट मांडणी करून...”

“मजकूर नको करू,” बाबा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं. “चप्पल घाल. फोन कर.”

बूथ

बाबा बूथच्या काचेबाहेर उभे होते. मामा नीमानं फोन उचलला आणि माझी झोप विचारली. मी म्हणाले, आज मला आधी बोलू दे. ती थांबली. मी तोडक्या स्वाहिलीत सगळं एका दमात सांगितलं.

“तू डॉक्टरला आंब्याखाली म्हणालीस?” तिनं विचारलं.

“हो.”

“आणि आम्ही तुझं वचन पाळत बसलो.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“उद्या मी सगळ्यांना घेऊन जाते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. निरोप न घेता फोन ठेवणं तिथे होत नाही. त्या दिवशी झालं.

तपासण्या व्हायला एकोणीस दिवस लागले. बस भरायची, प्रयोगशाळेत रांग असायची, एखादी बाई शेतात असायची. त्या एकोणीस दिवसांत मला काहीही लवकर करता येणार नव्हतं. सोमवारी मी नसीम आपांना सांगितलं. त्यांनी जीभ वर करायला लावली, गोळी गेली का पाहिलं आणि मग म्हणाल्या, “थप्पड मारली असती तुले. पन आता तू खाऊन घे. तथी जे निंगेल ते निंगेल. तू पडली तं कोनाच्या कामाची?” शालूताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी स्वतः तपासून आली, निकाल टेबलावर आपटला, “बरी हाव मी” म्हणाली, आणि माझं ताट घेऊन माझ्याशेजारी जेवायला बसली. सासूबाई पाहत होत्या. बाबांनी पत्रकात ‘दोन’ खोडून ‘सात’ केलं, खालची ओळ काढून टाकली आणि कोणत्या ओळी घालायच्या ते मला विचारलं. मी सांगितल्या : तिनं पाच आठवडे लपवलं, आणि बंद खोलीत बावीस जणींना सोबत बसवलं. त्यांनी त्या तशाच घातल्या. माझं नाव राहिलं.

विसाव्या दिवशी मामा नीमाचा निरोप आला. एकवीस जणींना काही नाही. पुढे काही महिने लक्ष ठेवायचं. मामा बाराकाला क्षयरोग आहे.

तिकडच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं की हा कुणापासून आला हे सांगता येणार नाही, त्या भागात हा आजार आहेच. नसीम आपाही तेच म्हणाल्या. या वाक्याला मला धरून बसता आलं असतं. पण गोदामाच्या दाराला पाठ लावून तिला कुणी बसवलं होतं, ते मला माहीत आहे.

पुढच्या रविवारी मी मामा बाराकाला फोन केला. क्षमा कशी मागायची, ते आठवडाभर पाठ केलं होतं. तिनं माझी झोप विचारली, वडिलांचं विचारलं, बहिणीचं विचारलं. मग म्हणाली, “लघवी लाल होते. रक्त आहे का?”

“नाही, गोळ्यांचा रंग आहे. माझीही होते.”

“किती दिवस?”

“गोळ्या आहेत तोवर.”

“पोटात आग पडते.”

“आधी थोडी पेज पी, मग घे. डॉक्टरांना विचारून घे, पण मला तसंच बरं पडलं. आणि दोन महिन्यांनी बरं वाटेल, तेव्हा सोडू नकोस. तेव्हाच सोडावंसं वाटतं.”

“हं,” ती म्हणाली. खोकली. मी कान फोनला घट्ट लावून तो खोकला ऐकला.

“मामा बाराका,” मी म्हणाले, “तुला माझा राग आला आहे का?”

“फार आला आहे,” ती म्हणाली. “पण आता ओरडले तर दम लागतो. सहा महिने झाले की ओरडेन. तेव्हा फोन ठेवायचा नाहीस.”

“नाही ठेवणार.”

“आता सांग, ती मोठी पिवळी गोळी घशात अडकते, तिचं काय करू?”

मी सांगितलं. दर रविवारी ती एक नवीन प्रश्न काढते आणि मी माझ्या आजारातून उत्तर शोधून देते. माझा उपचार मागच्या महिन्यात संपला. नसीम आपांनी कार्डावर शिक्का मारला. मामा बाराकाचे अजून दोन महिने आणि काही दिवस उरले आहेत. तिचा खोकला थांबला आहे, वजन वाढतंय, आवाजात परत धार आली आहे. अजून ती माझ्यावर ओरडलेली नाही.